माती आधी, चाक मागून

वाचकांचे प्रश्न : मातीकाम

कुणी निवृत्तीनंतर मातीकडे वळलं आहे, कुणाच्या घरात चाक पिढ्यान् पिढ्या आहे, कुणी शेतातली माती हातात घेऊन बसलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

बँकेतून निवृत्त झालो. मडकी घडवायला शिकायची इच्छा फार जुनी. घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी लहान. इलेक्ट्रिक चाक लगेच घ्यावं का? घेतलं तर कोणतं?
— एक वाचक, राजारामपुरी

लगेच घेऊ नका. चाकावर बसलेल्या नवख्या माणसाला दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात : मातीचा स्वभाव आणि फिरणाऱ्या गोळ्यावरचा ताबा. पहिली येत नसेल तर दुसरी येत नाही, आणि दोष चाकाचा वाटतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने हातानेच करा. मोसंबीएवढा, म्हणजे साधारण 300 ग्रॅमचा गोळा घ्या, त्यात अंगठा घाला आणि चिमटीने दाबत दाबत वाटी करा. कडेपासून तळापर्यंत भिंत 6-7 मिलिमीटर राहिली पाहिजे. वाटी वाळली की मुद्दाम फोडा आणि जाडी बघा. तळ जवळजवळ सगळ्यांचा जाड निघतो. तो बारीक यायला लागला की वळ्या एकावर एक रचून उंच भांडं करा. प्रत्येक वळी खालच्या वळीत आतून आणि बाहेरून बोटाने ओढून मिसळायची. फक्त ठेवलेली वळी वाळताना सुटते.

चाक घ्याल तेव्हा पाव हॉर्सपॉवरचं पुरेल, चार-पाच किलोपर्यंतचा गोळा ते ओढतं. वेग पायाच्या पेडलवर कमी-जास्त होणारा हवा आणि चाक दोन्ही दिशांना फिरणारं हवं. गोळा मध्यावर आणताना वेग मिनिटाला 200 फेऱ्यांच्या आसपास ठेवा, भिंत वर चढवताना निम्म्यावर आणा. गोळा मध्यावर येत नसेल तर आधी कोपर बघा. ते मांडीला किंवा कमरेला टेकलेलं नसेल तर माती हाताला हलवते, हात मातीला हलवत नाही. कोपर ठीक असूनही गोळा डुलत असेल तर माती नीट मळली गेलेली नाही. गोळ्यात एक बाजू मऊ आणि एक घट्ट असेल तर कितीही जोर लावा, तो डुलणारच.

सराव एकाच आकाराचा करा. 700 ग्रॅमचा गोळा घेऊन 12 सेंटिमीटर उंचीचं सरळ नळकांडं काढा, तारेने उभं चिरा, जाडी बघा आणि माती परत मळायला टाका. पहिल्या महिन्यात एकही भांडं जपून ठेवू नका. ठेवलेल्या भांड्याचा मोह पुढच्या दहा भांड्यांना नडतो.

तिसऱ्या मजल्यासाठी दोन सक्त सूचना. मातीचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला, खालचा गाळ परत वापरा. आणि वाळलेली माती झाडूने झाडू नका. तिच्या धुळीतला सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात साठतो. ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडी माती चाळताना एन-95 मास्क लावायचा.

शेतातली काळी माती भिजवून भांडी केली. वाळतानाच तडे जातात. जी भाजून निघाली त्यांच्यावर पांढरी पूड आली आणि आठवड्याने ठिकठिकाणी टवके उडाले. माती वाईट आहे का?
— शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी

तुमच्या पत्रात तीन वेगळे दोष आहेत आणि तिघांची कारणं वेगळी आहेत.

तडे आकसण्यामुळे जातात. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. ते मोजा. 14 सेंटिमीटर लांब, 4 रुंद आणि 1 जाड अशी पट्टी करा, ओली असतानाच तिच्यावर सुरीने बरोबर 10 सेंटिमीटरची रेघ मारा. पूर्ण वाळल्यावर रेघ 9.3 भरली तर आकसणं 7 टक्के. 5 ते 8 टक्के चालतं. 10 च्या वर गेलं की तडे ठरलेले. मग कोरड्या वजनावर तीन मिश्रणं करून बघा : नुसती माती, 85 भाग मातीत 15 भाग बारीक वाळू, आणि 70 भागांत 30. प्रत्येकाची पट्टी करा आणि पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. वाळू वाढली की आकसणं घटतं, पण वळी तुटायला लागते. ज्या मिश्रणात वळीला बारीक भेगा पडतात पण ती तुटत नाही, ते तुमचं. वाळूऐवजी नदीकाठचा पोयटा, म्हणजे बारीक गाळाची माती, मिसळता आला तर जास्त चांगलं. पोयटा आकसणं कमी करतो आणि चिकटपणाही वाळूइतका मारत नाही. वीटभट्टीवाले त्याच्यासाठी धडपडतात ते उगाच नाही.

पांढरी पूड म्हणजे क्षार. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींचं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेच मीठ भांड्याच्या पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतं आणि पाणी उडून गेलं की मागे राहतं. उपाय धुण्याचा : माती चौपट पाण्यात कालवा, निवळू द्या, वरचं पाणी काढा, पुन्हा गोडं पाणी घाला. असं तीन-चार वेळा. पाणी दोन दिवसांनीही गढूळच राहिलं, माती खाली बसलीच नाही, तर तिच्यात सोडियम फार आहे असं समजा आणि तो तुकडा सोडून दुसरीकडची माती घ्या. तिच्यावर मेहनत घालवण्यात अर्थ नाही.

टवके चुनखडीमुळे उडतात. काळ्या मातीत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे असतात. भट्टीत साधारण 850 अंशांच्या पुढे त्यांचा कळीचा चुना होतो. भांडं बाहेर आल्यावर हा चुना हवेतली ओल शोषून फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की खात्री समजा. आधी ओळखायचं असेल तर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका, फेस आला तर चुनखडी आहे. माती पूर्ण कोरडी करून कुटा आणि मग पाण्यात टाका. कोरडं ढेकूळ पाण्यात आपोआप विरघळतं, अर्धओलं दिवसभर तसंच राहतं. तो पातळ घोळ आधी रव्याच्या चाळणीतून, मग मैद्याच्या चाळणीतून गाळा. खडे वर राहतील. मैद्याच्या चाळणीतून गेलेली बारीक चुनखडी सहसा टवके उडवत नाही.

गाळलेला घोळ जुन्या सुती धोतरात बांधून टांगा. घट्ट झाला की निदान दोन-तीन आठवडे ओल्या पोत्याखाली मुरू द्या. मुरलेली माती हाताला वेगळीच लागते.

यंदा माठ उन्हाळ्याच्या मध्यावरच पाणी गार करेनासा झाला. फेकायचा का?
— इचलकरंजी

बोअरच्या जड पाण्यातले क्षार माठाच्या छिद्रांत बसले आहेत. पाणी बाहेर झिरपून उडत नाही, म्हणून गारवा नाही. रिकामा करा, काथ्याने आतून-बाहेरून घासा. साबण नको, तो छिद्रांत शिरतो. जाड थर असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घालून तासभर ठेवा, दोन-तीनदा धुवा, कडक उन्हात दिवसभर वाळवा. एवढं करूनही बाहेरून ओलसर झाला नाही तर झाडासाठी वापरा.

आम्ही बापट कॅम्पातले. घरात गणपतीचं काम. बी.कॉम. झाले आहे, मला स्वयंपाकाची भांडी करायची आहेत. बाबा म्हणतात शाडूच वापर, घरात पडून आहे. चालेल का? आणि सरकारी मदत मिळते का?
— एक वाचक, कोल्हापूर

शाडू नको. शाडू बारीक आणि गुळगुळीत असतो म्हणूनच मूर्तीच्या नाका-डोळ्यांना चांगला, पण चुलीवरच्या भांड्याला नेमका हाच गुण मारक ठरतो. ज्योतीवर ठेवलेल्या भांड्याचा तळ तापून फुगतो, वरची कड थंडच असते. या ओढाताणीत बारीक मातीत एकदा तडा सुरू झाला की तो सरळ आरपार जातो. मातीत खरबरीत कण असतील तर तडा कणाशी येऊन अडतो. म्हणून स्वयंपाकाच्या भांड्याची माती मुद्दाम भरड करतात.

सुरुवातीला कोरड्या वजनावर हे प्रमाण धरा : गाळाची माती 70 भाग, खापराचा चुरा 20, बारीक वाळू 10. चुऱ्यासाठी फुटक्या पणत्या, मोडकी कौलं चालतील. रंग किंवा चकाकी लावलेलं काहीही नको. खलबत्त्यात कुटून रव्याच्या चाळणीतून गाळा. वाळू याहून वाढवू नका. वाळूतल्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण 573 अंशांना एकदम फुगतात आणि थंड होताना तिथेच आकसतात, त्यामुळे जास्त वाळूचं भांडं भाजतानाच आतून खिळखिळं होतं.

आकार गोल बुडाचा ठेवा. सपाट तळ आणि सरळ भिंत जिथे काटकोनात भेटतात, तिथेच भांडं चिरतं. जुन्या तवल्यांचं बूड उगाच गोल नव्हतं. भिंत सगळीकडे 5-6 मिलिमीटर. चाकावर जाड काढा, चामड्याइतकं घट्ट झालं की आत गोल दगड धरून बाहेरून थापटण्याने (चपट्या लाकडी ठोकण्याने) ठोकत बूड वाढवा. घरातल्या थोरल्यांपैकी कुणाला हे येत असेल तर आधी त्यांच्याशेजारी बसा, लिहून सांगता येणारं हे काम नाही. झाकण भांड्याच्याच मातीचं, त्याच दिवशी करा आणि दोन्ही एकावर एक ठेवूनच वाळवा. नाहीतर दोघांचं आकसणं जुळत नाही आणि झाकण डुगडुगतं.

चकाकीसाठी भांडं चामड्याइतकं घट्ट असताना गेरूचा पातळ हात द्या आणि गारगोटीने घोटा. ही घोटाई 900 अंशांपर्यंत टिकते, हजाराच्या आसपास भाजलं तर निस्तेज होते. तसंही 850-900 हीच या भांड्यांची योग्य भाजणी आहे. जास्त भाजलेलं भांडं खणखणीत वाजतं, पण ज्योतीवर लवकर तडकतं. बाजारात मिळणारं कुठलंही ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), त्यात शिसं नाही याची लेखी खात्री असल्याशिवाय, अन्नाच्या भांड्याला लावू नका. चिंच, कोकम, टोमॅटो शिसं ओढून घेतात. ऑइलपेंटचा तर विचारही नको.

विकायच्या आधी प्रत्येक भट्टीतली दोन भांडी चुलीवर चढवून बघा. रात्रभर पाण्यात भिजवा, भाताची पेज घालून मंद आचेवर उकळा, निवू द्या. मग पाणी भरून पाच वेळा उकळा आणि पूर्ण थंड करा. टिचकी मारल्यावर आवाज बद्द आला तर बारीक तडा आहे, माल विकायचा नाही. गिऱ्हाइकाला पेजेची कृती कागदावर छापून द्या, आणि ‘तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये’ हे ठळक अक्षरात. बहुतेक भांडी त्यानेच जातात. किंमत ठरवताना भट्टीत फुटलेल्या मालाचा खर्च टिकलेल्या मालावर टाका. नवीन माणसं हे विसरतात आणि वर्षअखेरीस हिशेब लागत नाही.

मदतीबद्दल : 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत कुंभारकाम आहे. त्यात 5 ते 7 दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजाने विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात 1 लाख, दुसऱ्यात 2 लाख, अशी तरतूद आहे. वय 18 पूर्ण हवं आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हणजे बाबांनी आधीच नाव नोंदवलं असेल तर तुम्हाला वेगळं नोंदवता येणार नाही. नोंदणी सीएससी (सामान्य सेवा) केंद्रातून होते. सध्या ती चालू आहे का, हे तिथे विचारून मगच कागद गोळा करा.

अंगणात खड्डा करून शेणींवर भट्टी लावली. निम्मी भांडी पहिल्या तासातच फुटली, आवाज येत होते. उरलेली मोडली तर आत काळी. मातीत हवा राहिली होती का?
— कागल

हवेचा दोष नाही. हवेचा बुडबुडा तापला तरी बाहेर पडायला वाट काढतो. भांडं फोडतं ते पाणी. पाण्याची वाफ होते तेव्हा ती जवळजवळ 1,700 पट जागा मागते, आणि भिंतीत अडकलेल्या वाफेला ती मिळाली नाही की भिंत उडते. तुमची भांडी दिसायला वाळली होती, आतून ओली होती. भट्टीत घालण्याआधी भांडं गालाला लावा. गार लागलं तर ओलं आहे.

वाळलेल्या भांड्यालाही आधी शेक द्यायचा. भट्टीशेजारी मंद जाळावर तीन-चार तास, इतकं की हात लावून धरवेल पण जेमतेम. मग रचा : तळाला वीतभर शेणी, त्यावर भांडी पालथी, मधल्या फटींत शेणींचे तुकडे, वर पुन्हा शेणी, वरून खापरं, आणि सगळ्यावर राख-मातीचा पातळ लेप. लेपाला कडेने चार-पाच भोकं ठेवा. आपल्याकडे गुऱ्हाळाची चिपाडं सहज मिळतात, पण ती भडकन पेटतात. त्यांचा उपयोग शेवटी आच चढवायला करा, सुरुवातीला अजिबात नको. आग एका बाजूने खालून लावा आणि तिला सावकाश पुढे जाऊ द्या. पहिल्या दोन तासांत भोकातून पांढरी वाफ येते. ती थांबेपर्यंत काहीही वाढवू नका. पुढे 450 ते 600 अंशांदरम्यान मातीच्या घडणीतलंच पाणी निघून जातं. त्यानंतर ती पुन्हा कधीच भिजून चिखल होत नाही. अंधार पडल्यावर भोकातून बघा : काळसर लाल म्हणजे 600-700, पिकल्या चेरीसारखा लाल म्हणजे 800 च्या आसपास, नारिंगीकडे झुकला की 900. तिथे अर्धा तास ठेवा.

आतला काळा थर म्हणजे न जळालेला कोळसा. मातीतली पाळंमुळं, लीद जळायला हवा हवी आणि वेळ हवा. 700 ते 850 च्या पट्ट्यात तुमची भट्टी घाईने वर गेली, किंवा भोकं बुजली. भांडं मुद्दाम काळं हवं असेल तेव्हा शेवटी कोंडा घालून भोकं बंद करतात, पण तो वेगळा बेत झाला.

उघडायची घाई करू नका. रात्रभर तशीच राहू द्या. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, ती परीक्षा मडक्यावरची खरीच आहे : बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर भाजलं, ठप्प वाजलं तर कच्चं किंवा तडकलेलं. कच्चं असेल तर पुढच्या भट्टीत परत घालता येतं.

आमच्या घरात कुणी कुंभार नाही. वय 34. हे काम बाहेरच्या माणसाला येतं का, आणि शिकायचं कुठे?
— गडहिंग्लज

येतं. भारतातल्या स्टुडिओ मातीकामात बाहेरून आलेली माणसं पुष्कळ आहेत. सरदार गुरचरण सिंग भूगर्भशास्त्र शिकले होते, दिल्लीत एका पठाण कुंभाराच्या कामाला भिडले, मग जपानला जाऊन शिकून आले आणि 1952 मध्ये त्यांनी दिल्ली ब्लू पॉटरी उभी केली. बडोद्याच्या ज्योत्स्ना भट्ट शिल्पकला शिकायला आल्या आणि मातीत रमल्या. पुढे त्यांनी तिथेच कित्येक विद्यार्थी घडवले. डेबोरा स्मिथ आणि रे मीकर अमेरिकेतून आले आणि 1971 मध्ये पुदुच्चेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी काढली, आज देशातले कितीतरी नावाजलेले कुंभार तिथून शिकून गेलेले आहेत. या सगळ्यांत सारखं एकच : चालत्या भट्टीशेजारी त्यांनी वर्षं काढली. शनिवार-रविवारच्या शिबिरात चाक फिरवून बघता येतं, भट्टी कळत नाही.

तुम्हाला सर्वांत जवळचं ठिकाण बेळगावच्या पुढे खानापूरला आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती ग्राम कुंभारकाम संस्था तिथे आहे. अभ्यासक्रम कधी आणि कोणते हे थेट त्यांनाच विचारा. महाविद्यालयातून शिकायचं असेल तर मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात सिरॅमिकचा विभाग आहे. आणि कोल्हापुरात गंगावेश, शाहूपुरी, पापाची तिकटी इथल्या कुंभार गल्ल्या आहेतच. हंगामाच्या तोंडावर जाऊ नका. बेंदराच्या आधी मातीचे बैल, मग गणपती, मग नवरात्राचे घट आणि पणत्या, तेव्हा कुणाला मान वर करायला सवड नसते. संक्रांतीची सुगडं आटोपली की जा. आणि शिकवा म्हणण्याआधी माती तुडवायला, शेणी वाहायला तयार आहे असं सांगा.

एकदा टाऊन हॉल संग्रहालयही पाहून या. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, त्यातल्या वस्तू तिथे आहेत. सातवाहनांच्या काळापासून या काठावर वस्ती होती. जुन्या भांड्याची कड, जाडी, मोडीच्या जागचा रंग बघायची सवय लागली की शिकणं सोपं जातं.

पावसाळ्यात भांडी वाळतच नाहीत. पंखा लावला तर कान सुटतात आणि बुडाला वळणदार चीर जाते.
— गगनबावडा

पंखा बंद करा. पंख्याने वाऱ्याकडची बाजू आधी आकसते, दुसरी ओलीच असते, आणि भांडं स्वतःलाच ओढून फाडतं. तुमच्याकडच्या पावसात उलट करायचं : आणखी सावकाश. भांड्याच्या कडेवर आणि कानांवर प्लॅस्टिकची पट्टी टाका, कारण बारीक भाग आधी वाळतो. बूड उघडं राहील असं फळीवर वर्तमानपत्र घालून ठेवा, रोज पालथं-उताणं करा, कागद बदला. आठवडाभराने पट्टी काढा. शेवटचे दोन-तीन दिवस चुलीच्या वरच्या फळीवर.

कान सुटतो तो बहुधा भांडं घट्ट झाल्यावर ओला कान लावल्यामुळे. दोन्ही सारखेच ओले हवेत. दोन्हीकडे सुरीने आडवे-उभे चरे पाडा, त्याच मातीचा दाट घोळ लावा आणि घोळ कडेने बाहेर येईल इतकं दाबा. बुडाची वळणदार चीर चाकावरची आहे : गोळा उघडल्यावर तळ नीट दाबला गेला नाही आणि आत पाणी साचू दिलं. तळ मध्यापासून कडेकडे आणि परत असा दोन-तीनदा बोटांनी दाबून घ्या, साचलेलं पाणी स्पंजने टिपा.

मे महिन्यात पूर्ण वाळवून ठेवलेली कच्ची भांडी तुमच्याकडे असतील तर त्यांनाही कोरडी समजू नका. कच्ची माती पावसाळी हवेतून पुन्हा ओल धरते. दिवाळीनंतर भट्टी लावाल तेव्हा त्यांना दोन दिवस ऊन आणि वर सांगितलेला तीन-चार तासांचा शेक द्यायलाच हवा.